पाचगावचा प्लॉट काढून लंडनला एलएलएमला जाऊ का?

या आठवड्याचं पत्र, थोडं कापून:

"ताई, मी कोल्हापुरातच पाच वर्षांच्या लॉच्या चौथ्या वर्षाला आहे. पप्पा शिरोलीत एका फाउंड्रीत सुपरवायझर, आई ब्लाऊज शिवते. दहावीपर्यंत मराठी मीडियम. मागच्या महिन्यात एका इंटरनॅशनल आर्बिट्रेशनवाल्या वकिलाचं प्रोफाइल वाचलं, आधी नॅशनल लॉ स्कूल, मग ऑक्सफर्ड, मग पॅरिस, आता सिंगापूर, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जाईना. पप्पा म्हणतात जेएमएफसी दे आणि जज्ज हो. मामा म्हणतोय पाचगावचा प्लॉट काढू, पन्नास लाखात होतंय सगळं, पास झाली की लगेच लंडनला एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या मास्टर्सला जा. खरं सांगू तर हे लोक दिवसभर नेमकं करतात काय हे पण मला नीट माहीत नाही. माझ्यासारखीला जमेल का?
— कसबा बावड्याची एक मुलगी"

अगं पोरी, ते "दिवसभर करतात काय हे माहीत नाही" तू लिहिलंस ना, तिथंच मला तू आवडलीस, कारण माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या पोरांना हे माहीत नसतं आणि ती ते कबूलही करत नाहीत, थेट कुठली युनिव्हर्सिटी भारी एवढंच विचारतात.

प्लॉटचं आधी सांगून टाकते म्हणजे मामा एजंटला फोन करायचे थांबतील. आत्ता विकायचा नाही. का ते पुढं येईलच.

आता काम काय असतं ते. आर्बिट्रेशन म्हणजे कोर्टाऐवजी दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या खासगी पंचाकडून, म्हणजे लवादाकडून, वादाचा निकाल घेणं. पुढचं मी पुस्तकातलं नाही सांगत, माझ्या ऑफिसात घडलेलं सांगते. बरीच वर्षं झाली, गोकुळ शिरगावचे एक फाउंड्रीवाले आले, कास्टिंग एक्सपोर्ट करायचे, युरोपातल्या एका गिऱ्हाईकानं अख्खा लॉट रिजेक्ट केलेला, आत ब्लो होल, म्हणजे हवेच्या पोकळ्या आहेत म्हणून, आणि पैसे अडकवून ठेवलेले. साहेबांचं म्हणणं एकच, वकीलताई, इथं कोल्हापूर कोर्टात दावा ठोका, त्याला येऊ दे इथं तारखेला. मी म्हटलं कागद दाखवा. नऊ पानांची परचेस ऑर्डर. पहिल्या पानावर रेट आणि क्वांटिटी, तेवढ्यावर पेनानं गोल केलेले, बाकीची आठ पानं कुणी उलटलेली पण नाहीत. सातव्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात चार ओळी: वाद झाला तर आयसीसीच्या नियमांनी आर्बिट्रेशन, सीट (म्हणजे आर्बिट्रेशनचं कायदेशीर ठिकाण) झुरिक, लवाद तीन, भाषा इंग्रजी, कायदा स्विस. (आयसीसी म्हणजे पॅरिसची इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स हं, क्रिकेटवाली नव्हे, साहेबांनी पण आधी तेच विचारलेलं.)

त्या चार ओळींत सगळं संपलं होतं बघ. इथं दावा लावला असता तर समोरच्यानं आपल्याच १९९६ च्या आर्बिट्रेशन कायद्याचं सेक्शन ४५ दाखवलं असतं आणि कोर्टानं आम्हाला झुरिकचा रस्ता दाखवला असता. आणि झुरिकला जायचं म्हणजे आजच्या दरानं नुसती अर्ज दाखल करायची फी ५००० डॉलर, ती परत मिळत नाही, त्यावर तीन लवादांची फी, संस्थेचा खर्च, तिथले वकील. आमची मागणीच मुळात चाळीसेक लाखांची. शेवटी फोनाफोनी करून साठ टक्क्यांवर मिटवलं. साहेब माझ्यावर वर्षभर नाराज होते, जशी ती ऑर्डर मीच सही केली होती.

तर पहिली गोष्ट ही, की तू ज्या फील्डची स्वप्नं सिंगापूरकडं बघून पाहतीयेस, त्याचा कच्चा माल तुझे पप्पा रोज ज्या गेटातून आत जातात तिथल्या ऑफिसच्या कपाटात पडलेला आहे.

दोन देशांतल्या कंपन्या कोर्टात न जाता हे का करतात? कारण सोपं आहे, कुणालाच दुसऱ्याच्या गावच्या कोर्टात जायचं नसतं. आणि दुसरं कारण वसुलीचं. एका देशाच्या कोर्टाची डिक्री दुसऱ्या देशात चालवून घेणं महाकठीण, पण लवादाचा निकाल, ज्याला अवॉर्ड म्हणतात, तो १९५८ च्या न्यूयॉर्क कन्व्हेन्शनमुळं १७० हून जास्त देशांत वसूल करता येतो. भारत त्यात १९६० पासून आहे. सगळा धंदा या एका करारावर उभा आहे म्हटलं तरी चालेल.

याच्या पुढचा प्रकार म्हणजे कंपनी विरुद्ध अख्खा देश. तू व्हाईट इंडस्ट्रीजची केस वाच, नेटवर फुकट मिळते आणि आपल्याला ती जास्त कळते कारण त्यात तारखा आहेत. ऑस्ट्रेलियाची ही कंपनी, १९८९ मध्ये कोल इंडियाशी कोळशाच्या खाणीचा करार केला, भांडण झालं, २००२ मध्ये आयसीसीचा अवॉर्ड कंपनीच्या बाजूनं लागला, सुमारे ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा. कोल इंडियानं तो रद्द करा म्हणून कलकत्ता हायकोर्टात अर्ज टाकला आणि मग काय, पडलं भिजत घोंगडं. वर्षामागून वर्षं. शेवटी कंपनीनं भारत सरकारलाच दोन देशांमधल्या गुंतवणूक करारावरून आर्बिट्रेशनमध्ये खेचलं आणि २०११ मध्ये जिंकली, कारण काय तर दाद मागण्याचा परिणामकारक मार्ग भारतानं दिला नाही. गंमत म्हणजे ती "परिणामकारक मार्ग"वाली अट भारत-ऑस्ट्रेलिया करारात नव्हतीच, ती होती भारत-कुवेत करारात, आणि वकिलांनी "इतरांना जे चांगलं देता ते आम्हालाही द्या" या कलमातून ती तिकडून इकडं आणली. ही आयडिया ज्या वकिलाला सुचली त्याच्या पाया पडावं वाटतं मला. आपण आयुष्यभर कोर्टाच्या पॅसेजमध्ये तारखांच्या नावानं बोटं मोडतो आणि कुणीतरी त्या तारखांचाच दावा केला.

पण खरं रोजचं काम असं चमकदार नसतं हे पण ऐक. पाच-सहा वर्षं ज्युनिअर म्हणून तू काय करणार तर हजारो ईमेलमधून तारीखवार घटनाक्रम काढणार, एक्झिबिटला नंबर मारणार, साक्षीदाराचं स्टेटमेंट दहा वेळा दुरुस्त करणार, आणि रेडफर्न शेड्युल नावाचा एक तक्ता भरणार. ॲलन रेडफर्न नावाच्या इंग्लिश वकिलाच्या नावानं आहे तो. मूळ प्रकार चार रकान्यांचा: समोरच्याकडून कुठली कागदपत्रं हवीत, ती का हवीत, समोरच्याची हरकत काय, आणि लवादाचा निर्णय. बस. मोठ्या केसमध्ये हा तक्ता शंभर-दीडशे पानांचा होतो आणि अर्धी केस तिथंच जिंकतात किंवा घालवतात. सुनावणी आठवडा-दोन आठवडे, तीही कधीतरी वर्षातून, बाकी सगळं वाचणं आणि लिहिणं. ज्याला उभं राहून बोलायचीच हौस आहे त्यानं इकडं येऊ नये, त्यानं आपलं क्रिमिनल साइडला जावं. तुला वाचायला आवडतं का, तासन्‌तास, कंटाळवाणं पण? हे उत्तर तुझं तूच शोध, मला नको कळवू.

आता ते प्रोफाइल. असली प्रोफाइलं वरून खाली वाचली की दडपण येतं, म्हणून मी ती उलटी वाचते. सिंगापूर का, तर १९९१ पासून तिथं एसआयएसी ही आर्बिट्रेशन चालवणारी संस्था आहे आणि भारतीय कंपन्या तिथं मोठ्या संख्येनं जातात, मग भारतीय कायदा आणि भारतीय क्लायंटची नस कळणारा माणूस तिथल्या फर्मना लागतोच. म्हणजे फर्मनी त्यांच्याकडून विकत काय घेतलंय, तर भारतातली प्रॅक्टिस. पॅरिस का, तर आयसीसीचं कोर्ट तिथं १९२३ पासून आहे आणि तिथल्या सेक्रेटरिएटमध्ये किंवा फर्ममध्ये इंटर्नशिप केली की केस आतून कशी चालते ते दिसतं. ऑक्सफर्डची बीसीएल (तिथलं कायद्याचं मास्टर्सच) ही बौद्धिक दृष्ट्या कडक डिग्री, नाव मोठं, पण ती खास आर्बिट्रेशनची नाही. आर्बिट्रेशनच पाहिजे असेल तर लंडनचं क्वीन मेरी, जिनिव्हाचा एमआयडीएस कोर्स, स्टॉकहोम, सिंगापूरची एनयूएस युनिव्हर्सिटी ही नावं आधी बघ. आणि प्रोफाइलमध्ये एक ओळ कधीच नसते ती म्हणजे वडिलांचं चेंबर होतं का आणि मुंबईत राहायला घर कुणाचं होतं. मी कुणाचं मोल कमी करत नाही, त्यांनी पण रात्री जागवल्यात, फक्त तू तुझी तुलना करताना ती न लिहिलेली ओळ धरून कर.

बीसीएलवरून आठवलं. ती परीक्षा पास झालेली पहिली बाई आपल्या महाराष्ट्रातली, कॉर्नेलिया सोराबजी, जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. परीक्षा दिली १८९२ मध्ये, आणि बायकांना डिग्री द्यायची पद्धत नव्हती म्हणून डिग्री हातात पडली १९२२ मध्ये. तीस वर्षांनी! तुझं तर पन्नास लाखांवर अडलंय फक्त.

त्या पन्नास लाखांचंच बोलू. पास झाल्या झाल्या एलएलएमला गेलेली आणि कर्ज घेऊन परत आलेली पोरं मी बघितलीयत. वर्षभराचा कोर्स, त्यातले नऊ-दहा महिने अभ्यास, तिथल्या फर्म अनुभव विचारतात, व्हिसाची मुदत कमी कमी होत चाललीय, नोकरी लागली नाही तर परत मुंबईला येऊन ज्या पगारावर दोन वर्षांपूर्वी लागली असती त्याच पगारावर लागायचं, फक्त आता डोक्यावर हप्ता. एलएलएम वाईट नाही, लवकर केलेलं एलएलएम वाईट. दोन-तीन वर्षं हाडाचं काम केलेली मुलगी तिथं गेली की प्रोफेसरला प्रश्न विचारते, आणि नुसती पास होऊन गेलेली नोट्स काढते, हा फरक.

शिवाय स्कॉलरशिपचं गणित पण तसंच आहे. ब्रिटिश सरकारच्या चिवनिंग स्कॉलरशिपला कमीत कमी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतोच, म्हणजे तू पास होऊन लगेच अर्जच करू शकत नाहीस. जे. एन. टाटा एंडोमेंट आहे, १८९२ पासूनचं, ते लोन स्कॉलरशिप देतात. आपल्या राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी, ओबीसी आणि सारथीच्याही वेगळ्या योजना आहेत. तू कुठल्या प्रवर्गात बसतेस मला माहीत नाही, पण उत्पन्नाची अट, युनिव्हर्सिटीच्या रँकिंगची अट, वयाची अट असं सगळं त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत असतं, ते एजंटकडून ऐकू नको, जीआर काढून स्वतः वाच, होणारी वकील आहेस. आणि कोल्हापूरच्या मुलीला हे काय सांगायचं, १९२० मध्ये बाबासाहेब अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला परत लंडनला निघाले तेव्हा मदत करणाऱ्यांत आपले शाहू महाराज होते. स्वतःची बचत, महाराजांची मदत आणि एका पारशी मित्राकडून घेतलेले पैसे, असं जोडून जोडून गेले ते.

पप्पांचं जेएमएफसी. इथं मला हसू आलं कारण तुम्ही दोघं उगाच भांडताय. २० मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं सिव्हिल जज्जच्या परीक्षेला तीन वर्षांची प्रॅक्टिस पुन्हा सक्तीची केलीय. म्हणजे पप्पांच्या रस्त्यानं जायचं तरी तीन वर्षं कोर्टात काढायची आणि तुझ्या रस्त्यानं जायचं तरी मी तेच सांगतेय. तीन वर्षं एकच बस आहे, फाटा नंतर येतोय. तेव्हा जेवताना वाद घालू नका, पप्पांना सांग की सनद काढते, एआयबीई (वकिलांची देशपातळीवरची परीक्षा) देते, प्रॅक्टिस करते, पुढचं पुढं. सनदेची फी पण आता सुप्रीम कोर्टाच्या २०२४ च्या निकालामुळं जनरलला ७५० रुपयांवर आलीय, पूर्वीसारखं हजारोंचं ओझं नाही.

प्रॅक्टिस कुठं? माझं मत, पहिलं वर्ष इथं, मग मुंबई. इथं कारण १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच सीपीआर हॉस्पिटलसमोर चालू झालंय, सहा जिल्ह्यांचं काम तिथं येतंय, आणि बावड्यातून ते तुला किती लांब आहे? जा, मागच्या बाकावर बस, चांगला वकील लेखी म्हणणं कसं मांडतो ते बघ. जिल्हा कोर्टात त्याच आर्बिट्रेशन कायद्याच्या सेक्शन ३४ चे, म्हणजे अवॉर्ड रद्द करा म्हणणारे अर्ज येतात, ठेकेदार विरुद्ध सरकारी खातं टाइपचे, एखाद्या सीनिअरकडं असले ब्रिफ असतील तर त्यांच्याकडं ज्युनिअरशिप माग. मग मुंबई, कारण खरं मोठं आर्बिट्रेशनचं काम तिकडं आहे, एमसीआयए ही आर्बिट्रेशन चालवणारी संस्था पण २०१६ पासून मुंबईत आहे. एक पार्टी परदेशी असली की लवाद नेमायचा सेक्शन ११ चा अर्ज थेट सुप्रीम कोर्टात जातो, तेव्हा दिल्ली पण डोक्यात असू दे. मुंबईतली पहिली दोन वर्षं पैशाची ओढाताण होणार, पगार फर्मचा चांगला असतो पण फर्ममध्ये शिरणं अवघड, काउन्सेलच्या, म्हणजे कोर्टात उभं राहून बाजू मांडणाऱ्या वकिलाच्या चेंबरमध्ये शिरणं त्यामानानं सोपं पण तिथं स्टायपेंड बसच्या पासाला पुरेल एवढा. मामांना मदतच करायची असेल तर प्लॉट न विकता या दोन वर्षांचं खोलीभाडं भरू दे, त्या पैशाचं जास्त चीज होईल.

मराठी मीडियमचं तू लाजत लिहिलंयस ते मला नाही पटलं. इंग्रजी लागणार, त्यात सुटका नाही, पण लागतं ते साधं, नेमकं इंग्रजी, फाडफाड बोलणं नव्हे. रोज एक निकाल घे आणि एका पानात त्याचा सारांश लिही, वाक्य पंधरा शब्दांच्या वर जाऊ देऊ नको (मी स्वतः काय लिहितेय ते बघू नको). वर्षात फरक दिसतो. आणि दुसरी बाजू पण सांगते. मुंबईतल्या टीममध्ये महाराष्ट्रातल्या कुठल्या प्रोजेक्टचं भांडण आलं की सातबारा, फेरफार, तहसीलदाराची पत्रं, वीज मंडळाची टिपणं असले गठ्ठे येतात आणि तिथं बसलेल्या अर्ध्या पोरांना "इतर हक्क" हा कॉलम कशाशी खातात ते माहीत नसतं. दाभोळचा वीज प्रकल्प आठवतोय का पप्पांना विचार, एन्रॉन, गुहागर तालुक्यातलं भांडण, आणि आर्बिट्रेशन लंडनला. असल्या केसमध्ये कागद तर गावचेच असतात.

आत्ता चौथ्या वर्षात करायचं ते एवढंच. व्हिएन्नाला दरवर्षी विस मूट, म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांची लुटुपुटूच्या आर्बिट्रेशनची स्पर्धा होते, जगभरातून चारशेच्या आसपास टीम येतात. त्याचा प्रॉब्लेम ऑक्टोबरात जाहीर होतो आणि तो कुणीही डाउनलोड करून वाचू शकतं. आपल्या कॉलेजनं टीम पाठवावी म्हणून प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभी राहू नको, खर्च ऐकून ते चहा पाजून परत पाठवतील. तू आणि दोन मैत्रिणी मिळून प्रॉब्लेम घ्या आणि दावा करणाऱ्या बाजूचा मेमो, म्हणजे लेखी युक्तिवाद, डिसेंबरच्या मुदतीत लिहून काढा, पाठवायचा नसला तरी. त्यात सीआयएसजी नावाचा मालाच्या विक्रीचा आंतरराष्ट्रीय करार लागतो, भारत त्यात नाही म्हणून आपल्याकडं कुणी धड शिकवत नाही, तो शंभर कलमांचा कायदा स्वतः वाचावा लागेल. ही जी स्वतः वाचायची सवय आहे ना ती मुलाखतीत पाचव्या मिनिटाला कळते समोरच्याला.

आणि पप्पांना सांगून त्यांच्या मालकांची परवानगी काढ, नावं आणि रेट झाकून एखादी जुनी एक्सपोर्टची ऑर्डर बघायला मिळते का ते विचार. शेवटची पानं बघ. सीट कुठली, लवाद किती, कायदा कुठला. मग एक लॉट रिजेक्ट झाला असं धर आणि रेडफर्नचे ते चार रकाने आखून भर, इन्स्पेक्शन रिपोर्ट माग, त्यांच्या मशीन शॉपचे फोटो माग, कुठल्या हीट नंबरचे (म्हणजे भट्टीच्या कुठल्या घाण्यातले) तुकडे कापून बघितले ते माग. ब्लो होल म्हणजे काय, ते कास्टिंगमध्ये का पडतात आणि ते पाडण्यात चूक कुणाची असू शकते हे लंडनच्या वकिलाला तज्ज्ञ नेमून विचारावं लागतं, तुला संध्याकाळी पप्पा घरी आले की विचारता येतंय.

तक्ता भरला की मला पाठव, लाल पेनानं खुणा करून परत देते. मामांना माझा नमस्कार सांग.